ग्रीक तैलचित्रांतला नग्नाभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तैलरंगात काम करते आणि शनिवार-रविवारी चार-पाच जणांना फिगर ड्रॉइंग शिकवते. अथेन्सहून परत आल्यावर तिथली चित्रं वर्गात दाखवायला लागले, आणि तेव्हापासून तेच ते प्रश्न येतात. काही खरोखर चांगले असतात, काही नुसतेच गालातल्या गालात हसत विचारलेले. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते. ग्रीक नावं तिथले लोक उच्चारतात तशी दिली आहेत. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचलेल्या नावांपेक्षा ती वेगळी वाटतील.

नग्नाभ्यास आणि नग्नचित्र यांत फरक काय?

नग्नचित्र हे पूर्ण चित्र असतं. त्यात व्हीनस असेल, स्नान करणारी बाई असेल, एखादी गोष्ट असेल. नग्नाभ्यास, म्हणजे आपण स्टुडिओत ज्याला नुसतं 'स्टडी' म्हणतो, तो हात बसवण्यासाठी केलेला असतो. उभ्या माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे, खांदा एका बाजूला उतरला की कंबर कुठे चढते, पोटरीवरचा प्रकाश घोट्यापाशी कसा मावळतो, एवढंच त्यात शोधायचं. मॉडेलचं नाव नसतं, गोष्ट नसते. गवयाच्या पहाटेच्या रियाजासारखंच हे काम.

मराठीत उघडा, नागडा, विवस्त्र, नग्न या प्रत्येक शब्दाची तऱ्हा वेगळी आहे. उघडा म्हणजे बहुतेक वेळा फक्त सदरा काढलेला, नागडा म्हटलं की ओरडणारी आई आठवते, आणि नग्न म्हटलं की एकदम मंदिराची भिंत. ग्रीकमध्ये चित्रातल्या न्यूडला 'यिम्नो' म्हणतात. प्राचीन 'गिम्नोस' म्हणजे उघडा हाच तो शब्द. त्यावरूनच आपला जिम आला, आणि आजही ग्रीसमधली पोरं प्राथमिक शाळा संपली की 'यिम्नासिओ'त जातात. शब्दाच्या अर्थाने पाहिलं तर उघड्या अंगाने कसरत करायच्या जागी. दप्तर पाठीवर आणि गणवेशाची कटकट नाही, एवढंच काय ते साम्य उरलंय.

ग्रीस म्हणजे नग्न पुतळ्यांचा देश. मग तिथल्या चित्रकारांना हा विषय घरातूनच मिळाला असेल ना?

हा गैरसमज सगळ्यात जास्त. खुद्द ग्रीकांनाही तो सोयीचा वाटतो.

पुतळे घरचे खरे. पण चित्रकाराला पुतळा पुरत नाही, त्याला रंगवलेलं अंग पाहायला लागतं, आणि प्राचीन ग्रीकांची लाकडी फळ्यांवरची चित्रं जवळजवळ सगळी नष्ट झाली. झ्यूक्सिस, अपेलिस ही नावं उरली, किस्से उरले, चित्रं गेली. कलशांवरच्या आकृती उरल्या, इजिप्तमधल्या फायूमची मेणरंगातली व्यक्तिचित्रं सापडली. व्हर्गिना इथे मानोलिस आंद्रोनिकोस यांनी मॅसिडोनियन राजघराण्याची थडगी उघडली ती १९७७ साली. तिथल्या भिंतीवर पर्सेफोनी या देवकन्येचं अपहरण आहे. रथात ओढली जाणारी, वरचं अंग उघडं पडलेली, हात हवेत फेकणारी ती मुलगी भराभर मारलेल्या रेषांत अशी काही उतरली आहे की पोटात गलबलतं. पण ती वर आली तोवर या लेखातले बहुतेक चित्रकार म्हातारे झाले होते किंवा निवर्तले होते.

आणि प्राचीन ग्रीक तरी नग्नतेबद्दल एकमताचे कुठे होते? रोमन लेखक प्लिनी सांगतो, प्राक्सितेलिस या शिल्पकाराने प्रेमदेवता अफ्रोदितीचे दोन पुतळे केले, एक वस्त्रातला आणि एक नग्न. कोस बेटावरच्या लोकांनी विचार करून वस्त्रातला घेतला. उरलेला निदोस शहरवाल्यांनी उचलला, आणि पुढे तो पाहायला लोक समुद्र ओलांडून निदोसला जायला लागले. कोसवाल्यांनी कपाळावर हात मारला की नाही, ते प्लिनी सांगत नाही.

मधली हजार-दीड हजार वर्षं बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्यातल्या, चित्रांची. त्यांत शरीर झग्यांच्या घड्यांत असतं. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या ग्रीक चित्रकाराच्या मागे एका बाजूला संगमरवर होता, दुसऱ्या बाजूला सोनेरी पार्श्वभूमीवरचे संत होते, आणि तैलरंगातलं उघडं अंग दोन्हीकडे नव्हतं.

मग तैलरंगातला न्यूड ग्रीसमध्ये आला कुठून?

म्युनिकहून.

थोडं मागे जायचं तर आयोनियन बेटांवर व्हेनिसची सत्ता होती आणि तिथे तैलरंग आधीच पोचला होता. पानायोतिस दोक्सारास (१६६२–१७२९) हा तिथला मुख्य माणूस, त्याने लिओनार्दोचं चित्रकलेवरचं लेखन ग्रीकमध्ये आणलं. पण देश म्हणून ग्रीस उभा राहिला १८२१च्या उठावानंतर, आणि युरोपच्या बड्या सत्तांनी त्याला राजा दिला तो बव्हेरियाचा. ऑटो. सतरा वर्षांचा पोरगा, १८३३मध्ये नाफ्प्लिओच्या बंदरात उतरला. राजा बव्हेरियाचा म्हणून वास्तुरचनाकार तिथले, अधिकारी तिथले, आणि हुशार ग्रीक पोरांना शिकायला पाठवायचं तेही म्युनिकलाच. अथेन्समध्ये १८३७मध्ये कलाशाळा सुरू झाली तीही आधी गवंडी-कारागिरांसाठी, रविवारी भरणारी.

तिनोस बेटावरचे दोन जण या कथेत फार महत्त्वाचे. निकिफोरोस लीत्रास (१८३२–१९०४) म्युनिकला शिकून परत आला आणि १८६६पासून अथेन्सला शिकवत राहिला. निकोलाओस यीझिस (१८४२–१९०१) तिकडेच राहिला, आणि ज्या अकादमीत शिकला तिथेच प्राध्यापक झाला. म्हणजे एकाने तो धडा घरी आणला आणि दुसरा तो जर्मन पोरांनाच द्यायला लागला. गंमत म्हणजे त्या अकादमीत आधी ज्यांवरून रेखाटन करायला लावत ते प्लास्टरचे साचे ग्रीक पुतळ्यांचेच होते. ग्रीक मुलगा दीड-दोन हजार किलोमीटर लांब जाऊन थंडीत कुडकुडत आपल्याच पणजोबांच्या प्लास्टरच्या प्रतीवरून नाक काढायला शिकत होता!

आपल्याकडेही हेच झालं. मुंबईच्या जे. जे.मध्ये ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून पिढ्यान्‌पिढ्या हात घोटला गेला. जिवंत मॉडेलचा वर्ग तिथे रुजला १९१९मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन प्राचार्य म्हणून आल्यानंतर. अथेन्स आणि मुंबई, दोघांनाही ग्रीक शरीर वायव्येकडून, प्लास्टरमध्ये बांधून आलं.

म्युनिकच्या त्या स्टडीत पाहायचं काय?

आधी रंग. सगळं तपकिरी. त्या काळच्या जर्मन चित्रांतल्या या तपकिरीपणाला तिकडेच थट्टेने 'तपकिरी सॉस' म्हणत. आपण रस्सा म्हणू. कॅनव्हासवर आधी मधला तपकिरी हात मारायचा, त्यातून सावली खोल करायची आणि उजेड वर काढायचा. उजेडाच्या जागी रंग जाड, सावलीत पातळ, इतका की विणीचे धागे दिसावेत.

मग हात आणि पाय पाहा. स्टडी खरा कुठला आणि मिरवायला केलेला कुठला, ते तिथे कळतं. खऱ्या स्टडीत छाती, खांदा, बरगड्यांची बाजू झटून केलेली असते आणि पावलं दोन फटकाऱ्यांत सोडून दिलेली असतात. वेळ संपलेला असतो. मी एकदा एका पुरुष-स्टडीपुढे खूप वेळ उभी होते, कारण गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला आधीची चुकलेली रेषा तशीच दिसत होती. गुडघा आधी दोन बोटं खाली आला होता, मग वर सरकवला. पुसायची तसदी घेतलेली नव्हती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणाचा तरी हात तिथे अडखळला, आणि परवा वर्गात आमच्या एकाचा अगदी त्याच जागी.

पुरुष मॉडेलच का जास्त?

अकादम्यांची रीतच ती. इतिहासचित्रं रंगवायची तर वीर हवेत, वीर म्हणजे पुरुष, आणि स्नायूंचा अभ्यास पुरुषाच्या अंगावर सोपा. शिवाय वर्गात मुलगेच. म्युनिकच्या अकादमीने बायकांना सरसकट प्रवेश दिला तो १९२०मध्ये. ज्यांना जिवंत मॉडेलवरून शिकताच येत नव्हतं त्यांच्याकडून मोठी चित्रं कुठून होणार होती? आणि नंतर हेच लोक विचारणार की बायकांत मोठे चित्रकार का झाले नाहीत.

एलेनी बुकुरा-आल्तामूरा (१८२१–१९००) ही स्पेत्सेस बेटावरची. इटलीत चित्रकला शिकता यावी म्हणून ती पुरुषाचा वेश करून गेली, पुरुष म्हणून वर्गात बसली. पुढे लग्न झालं, नवरा सोडून गेला, मुलगी क्षयाने गेली, मग मुलगा इओआनिसही १८७८मध्ये क्षयानेच गेला. समुद्राची चित्रं काढणारा अतिशय गुणी पोरगा, सव्वीस वर्षांचा. त्यानंतर तिने स्वतःची चित्रं जाळली असं सांगतात. सोफिया लास्कारिदूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्सच्या कलाशाळेत पुरुषांच्या बरोबरीने शिकायला मिळावं म्हणून थेट राजाकडे अर्ज केला, आणि ती आत शिरली. हे दोन किस्से वर्गात सांगितले की आमच्याकडच्या मुली मॉडेल येण्याआधी अर्धा तास येऊन इझल लावून बसतात.

चर्चचा विरोध नव्हता का?

कुरकुर होती, पण ऑर्थोडॉक्स चित्रांत नग्न शरीर अजिबातच नसतं असं नाही. आदम-हव्वा आहेत, जॉर्डन नदीत उभा असलेला येशू आहे, वाळवंटात कपडे झिजून गेलेली इजिप्तची मेरी आहे, आणि गुडघ्यापर्यंतच्या दाढीने अंग झाकलेला संत ओनुफ्रिओस आहे. फरक एवढाच की ते अंग सुकवलेलं असतं. बरगड्या एकेक मोजता येतील अशा. ते पाहून भूक आठवते, वासना आठवत नाही.

कोंतोग्लू तर आयकॉन, म्हणजे चर्चमधली संतांची चित्रं, रंगवणारा. त्याचं नाव न्यूडच्या गोष्टीत कसं?

या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

फोतिस कोंतोग्लू (१८९५–१९६५) आशिया मायनरमधल्या आयवालीचा. १९२२मध्ये तुर्कांशी युद्धात हार होऊन तिथल्या ग्रीकांची वाताहत झाली, लाखो ग्रीक निर्वासित झाले, त्यांतला हा एक. त्याला पाश्चात्त्य तैलचित्रांचा तो मांसल खरेपणा मनापासून नकोसा होता. त्याने जुनी बायझंटाइन रीत मठांतून शिकून पुन्हा उभी केली, आणि १९३०च्या सुमाराला त्याच्या हाताखाली दोन तरुण आले : यानिस त्सारूहिस आणि निकोस एंगोनोपुलोस. कोंतोग्लूने १९३२मध्ये स्वतःच्या घराच्या भिंती रंगवल्या तेव्हा हे दोघे मदतीला होते. त्या भिंती आता अथेन्सच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

त्यांनी तिथे काय शिकून घेतलं? आयकॉनमधला चेहरा अंधारातून उजेडाकडे बांधला जातो. अंड्याच्या बलकात रंग कालवायचे, आणि आधी सगळ्या चेहऱ्यावर, हातावर एक काळपट शेवाळी थर द्यायचा. गेरूतली पिवळी माती, काळा, थोडी हिरवी माती. या थराला 'प्रोप्लाझ्मोस' म्हणतात. तो पाहिला तर वाटतं, मेलं हे चित्र. कुणाच्या तोंडावर शेवाळ चढल्यासारखं. त्यावर मग 'सार्कोमा', शब्दशः मांस चढवणं. पिवळी माती, पांढरा, किंचित लाल. पण हा थर कडेपर्यंत न्यायचा नाही. गालफडाच्या, नाकाच्या, मानेच्या कडेला खालचा शेवाळी तसाच राहू द्यायचा, तीच सावली. वेगळी सावली रंगवायची नाही. शेवटी डोळ्याखाली, नाकाच्या शेंड्यावर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा. झालं.

हीच रीत संताच्या चेहऱ्यावरून काढून बंदरावरच्या एखाद्या पोराच्या उघड्या खांद्यावर नेली तर? त्सारूहिसने नेमकं तेच केलं. मला वाटतं, आधुनिक ग्रीक न्यूड त्या क्षणी ग्रीक झाला. तोवर तो म्युनिकचा पाहुणा होता. संगमरवर पांढऱ्यातून कोरला जातो, म्युनिकचा स्टडी मधल्या तपकिरीतून दोन्हीकडे सरकतो, आणि हा काळोखातून वर येतो. ज्या माणसाला उघड्या शरीराचं चित्र आवडत नव्हतं त्याच्याच दिव्यातून हा दिवा लागला. गुरूंना ते कितपत रुचलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

त्सारूहिसच्या चित्रांवर एवढा गदारोळ का झाला?

कारण त्याच्या नग्न तरुणांजवळ टोप्या असत. नाविकांच्या, सैनिकांच्या.

त्सारूहिस (१९१०–१९८९) पिरेयसचा, म्हणजे बंदरातला. अथेन्सच्या कलाशाळेत पार्थेनिस या चित्रकाराकडे शिकला, कोंतोग्लूकडे आयकॉन, पुढे पॅरिसला जाऊन मातिस पाहिला, आणि घरी कारागियोझिसची चामड्याची छायाबाहुली नाचत होतीच. हे सगळं कालवून त्याने पिरेयसची पोरं रंगवली. सायकलवाला, चहाच्या नाही तर कॉफीच्या दुकानात पाय पसरून बसलेला नावीक, आणि कपडे काढून पलंगावर टेकलेला कुणीतरी, ज्याची टोपी शेजारी आहे. कुणाही अकादमीतला पुरुष-न्यूड हा हेक्टर किंवा अकिलीस म्हणून खपून जातो. याचा माणूस मात्र रविवारची सुट्टी घेऊन आलेला, उद्या बोटीवर परतणारा.

१९५२मध्ये अथेन्सच्या झाप्पिओन या प्रदर्शनगृहात 'आर्मोस' या चित्रकारांच्या गटाचं प्रदर्शन होतं. त्यात त्सारूहिसचं एक चित्र होतं, बसलेला नावीक आणि पहुडलेला नग्न तरुण. नौदलाला हा गणवेशाचा अपमान वाटला आणि चित्र उतरवावं लागलं. नग्नतेपेक्षा गणवेश टोचला हे ध्यानात घ्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५४मध्ये, आपल्या जहांगीरमध्ये अकबर पदमसी यांच्या स्त्रीपुरुषांच्या चित्रांवरून पोलीस आले, खटला झाला आणि पदमसी तो जिंकले. काळ एकच होता, फक्त तिथे टोपीवरून वाजलं आणि इथे एका हातावरून, जो चित्रात स्तनावर ठेवलेला होता.

१९६७मध्ये ग्रीसमध्ये लष्करशाही आली आणि त्सारूहिस पॅरिसला गेला. त्याने पंख लावलेले तरुणही रंगवले. त्यांतला एक पंखधारी आपल्या चड्डीचं बटण लावतो आहे. देवदूत की कपडे बदलणारा मॉडेल, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात आमच्या वर्गातली सव्वाअकराची चहाची सुट्टी दिसते.

एंगोनोपुलोसच्या माणसांना चेहराच का नाही?

तो अतिवास्तववादी होता आणि कवीही (१९०७–१९८५). त्याची शरीरं नग्न, घडीव, शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी, आणि डोक्याच्या जागी नुसता गुळगुळीत अंडाकृती आकार. बिनचेहऱ्याच्या बाहुल्या युरोपच्या चित्रांत आणणारा जॉर्जो दे किरिको हा इटालियन, पण जन्मला ग्रीसमध्ये, वोलोस गावात, १८८८ साली, आणि चित्रकलेचे पहिले धडे त्याने अथेन्सलाच घेतले. म्हणजे हेही एक प्रकारे घरीच परत आलं.

चेहरा काढून घेतला की नग्नपणा बदलतो. चेहरा असला की आपण विचारतो, कोण हा? नसला की हाताची ठेवण, मानेचा कोन हेच बोलायला लागतं. एंगोनोपुलोसचे रंग मात्र आयकॉनचेच, चटकदार लाल आणि निळे. माझ्या मते त्याचं शरीर थंड आहे आणि रंग गरम. ते भांडण मला आवडतं, पण त्याची दहा चित्रं सलग पाहिली की थकायला होतं.

मोरालिसचे न्यूड इतके शांत का वाटतात?

कारण ते थडग्यावरच्या शिळांकडे बघून केलेले आहेत. यानिस मोरालिस (१९१६–२००९) आर्ता गावचा, पंधराव्या वर्षी कलाशाळेत गेला आणि पुढे १९४७पासून १९८३पर्यंत, छत्तीस वर्षं, तिथे शिकवत होता. ग्रीसमधल्या कितीतरी चित्रकारांचा हात त्याच्या नजरेखालून गेला.

प्राचीन अथेन्सच्या थडग्यांवर एक ठरावीक दृश्य असतं. एक बाई बसलेली, दुसरी उभी, दोघींच्या हातांची भेट, डोळे कुठेतरी पलीकडे. कुणी रडत नाही. कोण गेलं आणि कोण राहिलं हेसुद्धा चटकन कळत नाही. मोरालिसने १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून हीच मांडणी घेऊन मोठ्या 'समाधि-रचना' केल्या. एक नग्न, एक वस्त्रात, गेरू, काळा, राखी. जवळ जाऊन पाहिलं तर नग्न बाईच्या अंगात छायाप्रकाशाचा खेळ फार थोडा. कड ठाम, आतला रंग सपाट, आणि एखाद्या जागी, काखेत किंवा मांडीच्या घडीत, एकच अर्धा टोन. तेवढ्याने अंग गोल होतं. हे मला अजून जमलेलं नाही. मी दहा टोन घालते आणि तरी बाई भिंतीला चिकटलेली राहते.

पुढे तो आणखी गाळत गेला. त्याच्या शेवटच्या दशकांतल्या चित्रांत दोन शरीरं म्हणजे दोन वळणं उरतात, कमान आणि तिला टेकलेली दुसरी कमान. त्यांना प्रणय-चित्रं म्हणायचं धाडस लागतं, पण एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही.

बुझियानिसची चित्रं पूर्ण झालेली आहेत का?

आहेत. योर्गोस बुझियानिस (१८८५–१९५९) अभिव्यक्तिवादी. जर्मनीत नाव कमावून तो १९३४च्या सुमाराला अथेन्सला परतला, कलाशाळेत शिकवण्याची आशा होती, ती फळली नाही. त्याच्या न्यूडमध्ये अंग विरघळत असतं. हाताची बोटं शोधू नका, सापडणार नाहीत.

आज कोणी असं काम करतं का?

योर्गोस रोरिस, जन्म १९६३, पेलोपोनीसमधल्या कोस्मास या डोंगरी गावचा. त्याच्या चित्रांत स्टुडिओची खोली बाईइतकीच नग्न असते. पोपडे निघालेली भिंत, डाग पडलेल्या फळ्या, आणि मधोमध एक खुर्ची. बाई सुंदर दिसायचा प्रयत्न करत नाही. बसून बसून कंटाळलेली असते, आणि तो कंटाळा त्याने इतक्या आदराने रंगवलेला असतो की आपणच जरा मागे सरकतो. त्याच्या आधीचा आलेकोस फासियानोस (१९३५–२०२२) अगदी दुसऱ्या टोकाचा. निळे, लाल, वाऱ्यावर केस उडणारे उघडे लोक, सायकलवर. अभ्यास वगैरे काही नाही, नुसती मजा.

कातडीचा रंग कसा मिळवायचा? 'फ्लेश टिंट'ची ट्यूब घेऊ का?

घेऊ नका. तो रंग कुणाच्याच कातडीचा नाही, आपल्या तर नाहीच नाही.

प्लिनी सांगतो की अपेलिस आणि त्याच्या तोडीचे जुने चित्रकार चारच रंगांत काम करत : मेलोसचा पांढरा, अॅटिकाची पिवळी माती, काळ्या समुद्राकडची तांबडी माती आणि काळा. करून पाहा. टायटॅनियम पांढरा, यलो ओकर, एखादा मातीचा लाल आणि आयव्हरी ब्लॅक. निळा नसताना कसं होईल असं वाटतं, पण काळ्यात पांढरा मिसळून ते मिश्रण लालसर कातडीशेजारी ठेवलं की ते निळं दिसतं. काळ्यात ओकर घातला की शेवाळी हिरवा तयार. म्हणजे प्रोप्लाझ्मोस तुमच्या पॅलेटवरच आहे. आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगाला हा शेवाळी फार चांगला बसतो. गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. वर्गात हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा एकजण म्हणाला, "बाई, हा तर माझ्या आजोबांचा रंग."

तैलरंगात हे करताना एकच पथ्य : खालचा थर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून घ्या, तेल वरच्या थरांत वाढवत न्या. खाली तेलकट आणि वर कोरडं झालं की वर्षभरात भेगा. आणि खालचा थर वाळू द्या. आयकॉनवाल्यांचा बलक मिनिटांत वाळतो, जवसाचं तेल आठवडा घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

फोटोवरून स्टडी केला तर चालेल?

चालेल, पण तो फोटोचा स्टडी होईल. मॉडेल वीस मिनिटं उभं राहिलं की वजनाच्या पायाचं पाऊल लाल होतं, मग जांभळट. खांदा अर्धा इंच उतरतो. श्वासाने बरगडीची सावली येते-जाते. कॅमेरा यातला एकच क्षण देतो. आम्ही पाटावर खडूने पावलांभोवती खुणा करतो, म्हणजे सुट्टीनंतर मॉडेलला त्याच जागी उभं राहता येतं. तरीही पोझ कधीच तशीच परत येत नाही, आणि त्या म्युनिकच्या गुडघ्याची सरकलेली रेषा बहुतेक त्यातूनच आली असेल.

मॉडेलला लाज वाटत नाही का?

पहिल्या दहा मिनिटांत विद्यार्थ्यांना जास्त वाटते. मग डास चावतो, पाय झोपतो, पंख्याचा वारा एकाच खांद्यावर येतो, आणि सगळे कामाला लागतात. मॉडेलला नावाने हाक मारा, ताई-दादा म्हणा, मोबाइल बाहेर ठेवा. पैसे त्याच दिवशी हातात द्या.

मुलांना ही चित्रं दाखवू का?

दाखवा. मुलं दोन मिनिटं हसतात, मग विचारतात की याला चेहरा का नाही. त्या प्रश्नाचं उत्तर वर आहे.

अथेन्सला गेले तर कुठे जायचं?

राष्ट्रीय कलादालन. १९००मध्ये स्थापन झालं, याकोविदिस हा म्युनिकमध्येच शिकलेला चित्रकार तिथला पहिला संचालक. मोठी दुरुस्ती होऊन २०२१मध्ये पुन्हा उघडलं. इव्हांगेलिझ्मोस मेट्रोवरून चालत पाच-सात मिनिटं. यीझिस-लीत्रासपासून मोरालिसपर्यंत सगळे एका इमारतीत भेटतात. मारुसी उपनगरात त्सारूहिसचं राहतं घर आता त्याचं संग्रहालय आहे, आणि दाफ्नीत बुझियानिसचं. दोन्हीकडे निघण्याआधी वेळ विचारून घ्या. ज्यांना डोंगर आवडतात त्यांनी मेत्सोवोचं अॅव्हेरोफ कलादालन सोडू नये. एवढ्याशा गावात एवढी चित्रं पाहून थक्क व्हायला होतं.

क्रम सांगायचा तर आधी कलादालनाच्या खालच्या मजल्यांवरची म्युनिकची तपकिरी चित्रं घाईने पाहा, मग कोंतोग्लूच्या घराच्या भिंतीपुढे निवांत थांबा, आणि त्यानंतरच त्सारूहिसकडे जा. बाहेर पडल्यावर रस्त्याच्या पलीकडे जुन्या हिल्टन हॉटेलची इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर मोरालिसने काढलेल्या रेषा दगडात कोरल्या आहेत. दुपारी चारनंतर ऊन तिरकं झालं की त्या जास्त स्पष्ट दिसतात. सकाळी गेलात तर भिंत नुसतीच पांढरी वाटेल.